न फुगलेले डबे

बाजारात तिला निळीबाई म्हणत. खाण्यालायक नसलेला माल सापडला, की तो पुन्हा कुणाला विकता येऊ नये म्हणून त्यावर निळा रंग ओतायचा, असा तिच्या अन्न-तपासणी खात्याचा नियम होता आणि तो रंग तिच्या नखांच्या कडांतून कधीच पुरता निघत नसे. ती लांबून दिसली की मासळीवाल्या एकमेकींना खुणावत, "निळी आली गं." तोंडावर मात्र ‘बाई, बाई’. घरी सासू म्हणे, "माझ्या सुनेला सोन्यासारखं अन्न मातीत घालायचा पगार मिळतो." यात थट्टा किती आणि खरं किती, हे सासूलाच ठाऊक. तिच्या मते, धुऊन आणि खळखळा उकळून खाल्लं की जगात काहीही बाधत नाही.

घरात तिघी होत्या. ती, सासू आणि शाळेत जाणारी लेक चिंगी. नवरा दूरच्या बंदरावर क्रेन चालवायचा, सुट्टी मिळेल तेव्हा यायचा. धाकटा दीर दोन गल्ल्या सोडून एकटा राहायचा. खात्याच्या ट्रकवर त्याला ड्रायव्हर म्हणून घेतलं ते तिच्याच शब्दावर. माणूस वाईट नव्हता. जीभ गोड, हात सढळ. कुणाला नाही म्हणायचं त्याच्या जिवावर येई. फक्त तो जे वाटून मोकळा होई, ते पुष्कळदा त्याचं नसे.

त्या आठवड्यात एका गोदामात डबाबंद वाटाण्यांचा मोठा साठा सापडला. वरच्या पेट्या उघडल्या तर कितीतरी डबे टम्म फुगलेले. एका बाजूनं दाबलं की टक् करून दुसऱ्या बाजूनं वर येत. एक तर तिच्या देखत शिवणीतून फुटला आणि आतलं हिरवट पाणी फसफसत जमिनीवर आलं. तिनं तोंडाला फडकं बांधलं आणि सगळ्या मालावर काट मारली.

गोदामवाला मागे लागला. "बाई, फुगलेले घ्या ना, मी कुठे नाही म्हणतो? बाकीचे बघा, कसे ठणठणीत आहेत."

"एकाच घाण्यातले आहेत सगळे. शिजवतानाच उष्णता कमी पडलीय. जे फुगले नाहीत, त्यांचीच मला जास्त भीती वाटते."

"ती का?"

"फुगलेला डबा निदान ओरडून सांगतो."

पेट्यांवर निळा रंग पडला. दिरानं ट्रक लावला, हमालानं पेट्या चढवल्या. हमालाला सगळे पैलवान म्हणत. एकावर एक पेट्या खांद्यावर घेऊन तो फळीवरून असा चढे, की जणू रिकामी टोपली आहे. ती जीपनं पुढे कचरा डेपोवर गेली. ट्रक जरा उशिरानं आला.

"चहाला थांबलो होतो, वहिनी," दीर म्हणाला.

खड्डा खणून ठेवलेला होता. पेट्या रिकाम्या झाल्या, बुलडोझर वरून फिरला, डबे कडाकडा चिरडले, वर चुना पडला, मग माती. शेवटचा ढीग सपाट होईपर्यंत ती तिथंच उभी राहिली. एक काम पार पडलं, असं वाटून घरी गेली आणि शांत झोपली.

मग एका सकाळी ऑफिसात फोन आला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर बोलत होते. "तुमच्या ट्रकवरचा हमाल आहे इथं. जरा लगेच येता? त्यानं काय खाल्लं ते मला कळायला हवं, आणि त्याला बोलता येत नाहीये."

कोपऱ्यातल्या खाटेवर पैलवान पडला होता. एवढा मोठा देह, पण ओल्या गादीसारखा पसरलेला. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, ओठ कोरडे पडून चिरलेले. झोपलाय असं तिला वाटलं. डॉक्टरांनी बोटानं त्याची पापणी वर उचलली तेव्हा आतला डोळा सरळ तिच्याकडे बघत होता.

"ताप नाही. शुद्ध पूर्ण आहे," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "आपण बोलतोय ते सगळं त्याला कळतंय. फक्त शरीर वरून खाली एकेक करत बंद पडत चाललंय. काल एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या, मग जीभ जड झाली, मग गिळता येईना. आता छातीपर्यंत आलंय. मला वाटतंय ते तुम्हालाही वाटतंय का?"

डबाबंद अन्नातल्या या विषबाधेबद्दल तिनं आजवर फक्त पुस्तकात वाचलं होतं. ती खाली वाकली.

"पैलवान, मी विचारते. हो असेल तर बोट हलव. डब्यातले वाटाणे खाल्लेस?"

चादरीवरचं बोट किंचित उचललं गेलं.

"आपल्या ट्रकमधले?"

बोट हललं.

"डबा फोडून तसेच? न शिजवता?"

हललं.

"आणखी कुणाकडे गेलेत ते डबे?"

बोट हललं. पुन्हा हललं. ती "कळलं, कळलं" म्हणाली तरी ते थांबेना. त्या मोठ्या पंजाचं एवढंसं बोट चादरीवर टकटक करत राहिलं.

बाहेर बाकावर पैलवानाची बायको बसली होती. तिनं सांगितलं, एक पेटी घरी आणलीय, पलंगाखाली आहे, अजून फोडलेली नाही. "तेच म्हणाले, पाहुणे यायचेत, तेव्हा करू." निळीबाईनं तिच्याकडून घराची किल्ली घेतली, ऑफिसच्या शिपायाला फोन करून बोलावलं आणि पेटी उचलायला पाठवलं. डॉक्टर मोठ्या शहरातल्या इस्पितळाशी बोलत होते. यावरचं औषध तिथंच मिळतं, ते गाडीनं निघालं तरी संध्याकाळ होणार होती. "आणि लक्षात ठेवा," फोनवर हात ठेवून ते म्हणाले, "ते औषध पुढचं थांबवतं. झालेलं परत आणत नाही. म्हणून जितक्या लवकर माणसं सापडतील तितकं बरं."

ट्रकच्या अड्ड्यावर दीर पाइप घेऊन काच धूत होता. वहिनीचा चेहरा बघूनच त्यानं नळ बंद केला.

"भाऊजी, किती पेट्या काढल्यात?"

"कसल्या पेट्या?"

"पैलवान मरायला टेकलाय."

पाइप त्याच्या हातून गळून पडला. "काल तर म्हणाला, डोळे चुरचुरतायत..."

"किती काढल्या, कुणाला दिल्या?"

"वहिनी, मी चांगले बघून काढले हो. फुगलेला एकही घेतला नाही. हातानं दाबून बघितला एकेक. म्हटलं, एवढं चांगलं अन्न, कशाला मातीत..." तो रडायलाच लागला. "एक पैलवानाला. वर एक सुटा डबा त्यानं ट्रकवरच फोडून खाल्ला. गिरणीपाशी खाणावळ आहे ना, तिथल्या आचाऱ्याला दिल्या. माझा दोस्त आहे तो. आणि एक..."

"एक काय?"

"एक आईला. काल. तुम्हाला सांगू नको म्हटलं होतं. खोक्यावरचा रंग बघून तुम्ही ओळखाल म्हणून डबे पिशवीत घालून दिले."

ती तिथंच ट्रकच्या पायरीवर बसली आणि लगेच उठली. घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. सासूला ऐकू कमी येई. भांडी घासत असेल तर फोन गळ्यात बांधला तरी कळणार नाही. खाणावळीचा फोन लावला. तोही कुणी उचलेना. जेवणाची वेळ होत आली होती. चिंगीची शाळा आज लवकर सुटणार होती.

घर एका टोकाला, गिरणी दुसऱ्या टोकाला. खाणावळीत पन्नास-साठ माणसं जेवत असतील. तिथला माल जप्त करायचा अधिकार फक्त तिला. दुसऱ्या कुणाला ते दारात उभं करणार नव्हते. आणि घरी चिंगी होती.

तिनं दिराकडे पाहिलं. या क्षणी जगात ज्याच्यावर विश्वास ठेवू नये असा एकच माणूस होता, आणि दुचाकीची किल्ली त्याच्याच हातात होती.

"घरी जा. जे उघडलंय त्याला कुणाला हात लावू देऊ नका. फेकूही नका. ऐकलंत? चिंगी काही खात असेल तर हातातून काढून घ्या. आणि मला खरं सांगा. जे असेल ते खरं सांगा."

तो किक मारून गेला. जीपमध्ये बसून तिनं ड्रायव्हरला गिरणीकडे घ्यायला सांगितलं.

खाणावळीच्या मागच्या दारानं ती सरळ भटारखान्यात शिरली. ओट्यावर रिकामे डबे उलटे मांडलेले, मोठ्या पातेल्यात वाटाणे काठोकाठ. बाजूला कांदा चिरून तयार. आचाऱ्यानं पळी बुडवली होती आणि पळीतलं पाणी तळहातावर घेऊन तो ओठाला लावणार, तेवढ्यात तिनं त्याच्या हातावर फटका मारला. पाणी भिंतीवर उडालं.

"अहो बाई! वेड लागलं का?"

"चाखलंत? आधी चाखलंत का?"

"चाखू कुठे दिलंत तुम्ही!"

"दुसऱ्या कुणी?"

"अजून चुलीवर चढायचंय हे. पण तुम्ही कोण लागून गेलात..."

तिनं पिशवीतली बाटली काढली आणि पातेल्यात उपडी केली. हिरव्यावर निळं पसरत गेलं. बाहेर ताटं घेऊन बसलेले कामगार दारात गोळा झाले. कुणी ओरडलं, "अन्नाचा नास करतेय!" कुणी म्हणालं, "भुकेल्याच्या ताटात रंग ओतता, कुठे फेडाल हे?" आचाऱ्यानं पातेलं ओढायला हात घातला. ती पातेल्याला आडवी झाली. उंचीनं ती त्याच्या खांद्याएवढी, पण बोलली तेव्हा आवाज असा निघाला की आचाऱ्याचा हात मागे आला.

"हेच वाटाणे खाल्लेला पैलवान दवाखान्यात पडलाय. तुमच्यातले कितीतरी त्याला ओळखतात. त्याला आता स्वतःची पापणी उचलता येत नाही. जा, बघून या आणि मग मला शिव्या द्या."

पैलवानाला ओळखणारे होते. एकजण हातातलं ताट खाली ठेवून भिंतीला टेकला. आचाऱ्यानं आपला तळहात पाहिला, मग नळाखाली धरला आणि साबण लावून लावून चोळत राहिला. जिन्याखालच्या पेट्या बाहेर आल्या. तिनं एकूण एक डबा मोजून जीपमध्ये घातला, पातेलंही उचललं, आणि सगळ्यांना बजावलं, "डोळ्यांपुढे एकाचे दोन दिसले, घास घशात अडकला, तर घरी बसू नका. सरळ दवाखाना."

हे चालू असताना ती मधूनमधून घरचा फोन लावतच होती. जीप वळली तेव्हा दिराचा फोन आला.

"वहिनी... आईनं डबा फोडलाय."

"चिंगी?"

"जेवलीय."

रस्ता तिला पुढे दिसतच नव्हता. ड्रायव्हर काहीतरी विचारत होता, ते तिला कळत नव्हतं.

घरी चिंगी ओट्यापाशी उभी होती, ओठाच्या कडेला हिरवा कण. सासू कमरेवर हात ठेवून लेकावर तणतणत होती, "ताटावरून उठवतो पोरीला! तुझं डोकं फिरलं का रे?" निळीबाईनं चिंगीला धरलं, हनुवटी वर केली, डोळ्यांत पाहिलं.

"माझी बोटं किती?"

"दोन. आई, तू रडतेस?"

"आई," ती सासूकडे वळली, "हे किती वेळ शिजवलं?"

"शिजवलं म्हणजे? चांगलं धुतलं, मग खळाखळा उकळलं. तुझ्या त्या डब्याचं पाणी कोण खाणार? पार पीठ होईस्तोवर शिजवलं."

तेवढ्या उष्णतेत ते विष टिकत नाही, हे तिला माहीत होतं. पाठ होतं. परीक्षेत लिहिलं होतं. पण आपल्या पोरीच्या पोटात ते गेलंय म्हटल्यावर लिहिलेलं सगळं धुरासारखं झालं.

"आणि शिजवायच्या आधी? चाखलंत?"

सासू थोडी वरमली. "चाखल्याशिवाय कसं घालायचं पोरीला? डबा उघडल्या उघडल्या चमचाभर घेतलं. वास नाही, काही नाही. चांगलं होतं."



दवाखान्यात आजी आणि नात शेजारशेजारच्या खाटांवर बसल्या. डॉक्टरांनी निळीबाईला बाहेर नेऊन सांगितलं, मुलीची काळजी कमी, आजींची जास्त. लक्षण दिसल्याशिवाय औषध द्यायचं नाही. ते थोडंच येणार आहे, आणि त्याचाही शरीराला धोका असतो. तोवर नजर ठेवायची. डोळे, जीभ, गिळणं.

म्हणून ती नजर ठेवत राहिली. तशी नजर तिनं कुठल्याही मालावर ठेवली नसेल. पापणी लवली की तिचं काळीज लवे. जीभ तपासायला डॉक्टरांनी दोघींना काहीतरी अवघड बोलायला सांगितलं, तर चिंगीनं "चटईला टाचणी टोचली" सुरू केलं आणि तिला तो खेळच वाटला. "आता आजी, तू!"

"टाचणी टोतली," सासू म्हणाली. "तटईला..."

निळीबाई धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं आणि कपाळाला हात लावला. सासूनं कवळी काढून रुमालात बांधून ठेवली होती.

"झोपताना काढायचीच असते," सासू फणकारली. "टाचणी टोचायला दात नकोत?"

सगळे हसले. दारातला दीरही हसला. निळीबाई हसता हसता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि बराच वेळ वळली नाही.

संध्याकाळी औषध आलं. पैलवानाला दिलं, पण तोवर त्याचा श्वास यंत्रावर गेला होता. उरलेल्या कुप्या डॉक्टरांनी राखून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंगीनं केळं मागितलं आणि दोन घासांत संपवलं. निळीबाईच्या जिवात जीव येत होता, तोच सासू खिडकीकडे बघत म्हणाली, "या खोलीला दोन खिडक्या आहेत होय? काल एकच होती."

खिडकी एकच होती. या वेळी कवळी तोंडात होती, आणि तरी शब्द जड येत होते. डाव्या डोळ्याची पापणी दुसऱ्या डोळ्यापेक्षा खाली आली होती. सासूनं सुनेचा चेहरा पाहिला आणि सगळं ओळखलं. तिनं निळीबाईचं मनगट धरलं. "मला त्याच्यासारखं होणार का गं? सगळं कळतंय आणि बोलता येत नाही, असं?"

"नाही, आई."

"खोटं बोलू नकोस. तुला येत नाही."

सुई लगेच लावली. विष थोडंच गेलं होतं आणि औषध वेळेत मिळालं. पुढचे काही दिवस सासूला नळीनं अन्न द्यावं लागलं, बोलणं घोगरं झालं, मान उशीवरून उचलेना. पण छाती चालू राहिली. पैलवानाची राहिली नाही. पुढच्या आठवड्यात, डोळे मिटलेले आणि शुद्ध अखेरपर्यंत जागी, तो गेला.

पोलीस जबाब घ्यायला आले त्याच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला.

"त्याचं नाव देणार आहेस?"

"हो."

"पेट्या खड्ड्याकडे जाताना चोरीला गेल्या, एवढंच म्हटलं तर? कुणी नेल्या, माहीत नाही."

"पैलवानानं नेल्या, असंच ठरेल मग. तो सांगायला यायचा नाही."

पलीकडून फोन बंद झाला.

दिरानं तिला एका शब्दानं विनवलं नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "मी दाबून बघितले होते, वहिनी. एकेक." पोलिसांसमोर त्यानं स्वतःच सगळं सांगितलं. खात्याच्या साहेबांनी तिलाही लेखी जाब विचारला, खड्ड्यापर्यंत ट्रकबरोबर का नव्हतात म्हणून. तिनं एका ओळीत लिहून दिलं, जीपनं पुढे गेले, चूक माझी.

सासू घरी आली तेव्हा तिला पातळ पेज चमच्यानं भरवावी लागे. पहिल्याच दिवशी तिनं चमचा हातानं अडवला.

"त्याचं नाव दिलंस ना?"

"दिलं."

"दिलं नसतंस तर तुझ्या हातचं खाल्लं नसतं मी." तिनं चमचा सोडला. "पण आता काही दिवस माझ्याशी बोलू नकोस."

निळीबाई बोलली नाही. भरवत राहिली, तोंड पुसत राहिली. प्रत्येक घास घशाखाली उतरेपर्यंत तिचा श्वास अडकून राही, आणि चिंगी अभ्यास करताना डोळे चोळू लागली की ती हातातलं काम टाकून धावे. "बोटं किती?" पोरगी वैतागून आकडा सांगे. अजूनही सांगते.

सासू काठी टेकत चालायला लागली त्या दिवशी ती स्वतःहून बोलली. "पैलवानाच्या घरी कधी जायचं?"

"ती आपल्याला दारात उभं करणार नाही, आई."

"उभं करायचं की नाही ते ती बघेल. आपण जायचं."

दुपारी दोघी गेल्या. पैलवानाच्या बायकोनं दार उघडलं, आधी म्हातारीकडे पाहिलं, मग निळीबाईच्या हातांकडे. दार तिनं लावून घेतलं नाही, आणि आत या असंही म्हणाली नाही. आतून पोरांचे आवाज येत होते. सासूचे पाय थरथरत होते, म्हणून निळीबाईनं तिला दंडाला धरलं आणि दोघी उंबऱ्याबाहेर तशाच उभ्या राहिल्या.